लावणीआधी मोडतोड थांबवा

मालवणला जाणारा माणूस आता नुसता सिंधुदुर्ग किल्ला बघून परत येत नाही. सोलकढी, सुरमईची तुकडी आणि जोडीला स्नॉर्केलिंग, असा बेत घरून निघतानाच ठरलेला असतो. किल्ल्याच्या आसपास होड्या उभ्या राहतात, अंगात जॅकेट चढतं, तोंडात नळी जाते आणि पाच-दहा मिनिटांत पुण्या-कोल्हापुरातला माणूस प्रवाळांवर तरंगत असतो. पोहता न येणारासुद्धा. या माणसाला, आणि त्याला पाण्यात उतरवणाऱ्या मालवणी माणसाला, मला कळकळीने काही सांगायचं आहे. मोडलेले प्रवाळ पुन्हा उभे करण्याच्या साध्या, कमी खर्चाच्या, समुद्राला इजा न करणाऱ्या युक्त्या आज आपल्याला ठाऊक आहेत. त्यातल्या काही मालवणातच करून पाहिल्या गेल्या आहेत. पण वरून चाललेली मोडतोड तशीच राहिली तर या युक्त्यांचा काही उपयोग नाही. आधी मोडतोड थांबवायची, मग लावणी करायची. हा क्रम उलटा झाला की पैसेही जातात आणि प्रवाळही.

प्रवाळ दगडासारखा दिसतो, म्हणून त्यावर पाय ठेवावासा वाटतो. पण तो जिवंत असतो. चुन्याच्या सांगाड्यावर बारीक बारीक जीव दाटीने बसलेले असतात आणि त्यांच्या पेशींमध्ये त्यांच्याहून कितीतरी सूक्ष्म असं शेवाळ राहतं. हे शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की हे शेवाळ प्रवाळाला सोडून जातं. मग आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. प्रवाळ लगेच मरत नाही, पण उपाशी असतो. पाणी वेळेत निवलं तर सावरतो, नाहीतर जातो.

मालवणचे प्रवाळ तसे चिवट. लक्षद्वीपचं नितळ पाणी त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही. पावसाळ्यात नद्यांचा गाळ आणि गोडं पाणी, एरवी लाटांची आदळआपट आणि गढूळपणा. हे सगळं सोसून पोराइटिस, टर्बिनेरिया, गोनिओपोरा अशा जाती तिथे टिकल्या आहेत. माहितीपटांत दिसणारे फांद्याफांद्यांचे, रंगीबेरंगी प्रवाळ इथे शोधू नका. इथले बरेचसे गोलसर, मातकट, पहिल्या नजरेला कंटाळवाणे वाटणारे. पण त्यांच्या कपारींत माशांची पिल्लं वाढतात, खेकडे लपतात, आणि त्याच माशांवर पुढे आपलं जेवण आणि मालवणचा बाजार चालतो. यातल्या गोलसर पोराइटिसची वाढ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर. घागरीएवढा पोराइटिस दिसला तर त्याचं वय पंधरा-वीस वर्षं तरी धरा. तुमची एक लाथ बसली तर ती पंधरा-वीस वर्षं गेली.

लाथ मुद्दाम कोणी मारत नाही. होतं असं: पाणी छातीएवढं, खाली काहीतरी टणक लागतं, दम लागलेला असतो, मास्कमध्ये पाणी शिरतं, माणूस घाबरतो आणि उभा राहतो. कशावर उभे आहोत हे त्याला कळतही नाही. होडीवरचा पोरगा ओरडतो, "दादानू, पाय टेकू नकात, ता जिवंत आसा!" पण कानात पाणी असतं, शेजारी फोटो काढणं चालू असतं, आणि पुढची होडी आपल्या पाळीची वाट बघत असते. मालवणच्या सागरी अभयारण्यात डायव्हिंगच्या पर्यटनामुळे प्रवाळांची मोडतोड होत असल्याचा संशोधकांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्धही झाला आहे. अभयारण्य जाहीर झालं १९८७ मध्ये, साधारण २९ चौरस किलोमीटरचं. कागदावर ते आहे. पाण्यात त्याची हद्द कुठे सुरू होते हे कोणत्याही पर्यटकाला विचारा, सांगता येणार नाही.

तेव्हा पर्यटकांनो, पहिलं आवाहन अगदी छोटं आहे. प्रवाळांकडे जाण्याआधी किनाऱ्यालगतच्या वाळूवर, कमरेएवढ्या पाण्यात, नळीतून श्वास घ्यायचा सराव करून घ्या. मास्कमध्ये पाणी शिरलं तर न घाबरता ते कसं काढायचं हे आधी शिकवा, असा आग्रह धरा. दहा मिनिटं जातील. ती दहा मिनिटं द्यायला जो तयार नाही त्याच्या होडीत बसू नका, दर शंभर-दोनशे रुपयांनी कमी असला तरी. माशांना पाव, बिस्किटं घालून फोटो काढून देणारे असतात. त्यांना नम्रपणे नको म्हणा. प्रवाळावरचं शेवाळ कुरतडून तो स्वच्छ ठेवणारे मासे असतात. त्यांना पावाची चटक लावून आपण त्या प्रवाळाचंच नुकसान करतो. सनस्क्रीनबद्दलही बरंच बोललं जातं. हवाईने ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आणली. माझ्या मते समुद्र तापण्यापुढे हा धोका लहान आहे, पण लांब बाह्यांचा घट्ट सदरा घातला की प्रश्नच मिटतो. उन्हापासून बचावही जास्त चांगला होतो.

होडीवाल्या भावांना सांगायचं आहे ते नांगराबद्दल. एका जागी दिवसातून वीस वेळा नांगर पडला की खालच्या प्रवाळांचा चुरा होतो. नांगराचा फाळ लागतोच, पण त्याहून वाईट ती साखळी, वाऱ्याबरोबर होडी फिरेल तशी तळावरून फरफटत राहणारी. यावरचा उपाय जगभर वापरला जातो आणि अवघड मुळीच नाही. वाळूच्या मोकळ्या जागेत एक जड ठोकळा कायमचा बसवायचा किंवा तळात स्क्रूसारखा खांब फिरवून रोवायचा, त्याला दोर आणि वर तरंगणारी बोय. होडी आली की बोयेला बांधायची, नांगर टाकायचाच नाही. मधल्या दोराला आणखी एक छोटी बोय लावली की सैल दोर तळावर घासत नाही. प्रवाळ वाचवण्याचं याहून स्वस्त तंत्रज्ञान मला तरी माहीत नाही. अशा बोया असतील तिथे त्यांचा वापर करा. नसतील तिथे डायव्हिंगवाल्यांनी एकत्र येऊन वन विभागाकडे त्या मागाव्यात आणि वर्षातून एकदा दोर तपासायची जबाबदारी स्वतःवर घ्यावी. पावसाळ्यात दोर कुजतो, साखळी झिजते. देखभालीविना बोय म्हणजे पुढच्या हंगामात एखादी होडी खडकावर जाण्याची सोय.

आता लावणीबद्दल. २०१० नंतरच्या दशकात सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने सागरी जैवविविधतेचा एक प्रकल्प चालला. त्यात मालवणच्या पाण्यात प्रवाळांचं पुनर्रोपण झालं. भाताचा तरवा काढून दुसऱ्या खाचरात लावतात, तसंच काहीसं हे काम. लाटांनी किंवा नांगराने तुटून वाळूत पडलेले जिवंत तुकडे शोधायचे. वाळूत पडलेला तुकडा इकडेतिकडे गडगडत राहतो, गाळाखाली जातो आणि मरतो. तोच तुकडा घट्ट जागी बांधला, चार वीत उंचावर ठेवला, तर जगतो. म्हणून काँक्रीटच्या चकतीवर किंवा चौकटीवर बोटभर तुकडा पट्टीने आवळून बांधतात आणि ती चौकट तळाशी पक्की बसवतात. काही आठवड्यांत प्रवाळ स्वतःच काँक्रीटला चिकटून आपला पाया पसरू लागतो. पट्टी मग आत गडप होते.

एवढं झालं की लोक टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. नव्या चौकटीवर प्रवाळाच्या आधी शेवाळ फोफावतं आणि तुकड्याला गुदमरवतं. म्हणून पाणबुड्यांना पुन्हा पुन्हा खाली उतरून, साध्या दात घासायच्या ब्रशने, तुकड्याच्या कडेकडेने शेवाळ खरवडून काढावं लागतं. प्रवाळ खाणाऱ्या गोगलगायी एक एक वेचून काढाव्या लागतात. पट्टी सैल झाली असेल तर बदलायची, गाळ साचला असेल तर हाताने वारा घातल्यासारखं पाणी हलवून तो उडवायचा. जूनमध्ये समुद्र खवळला की चार महिने खाली कोणी जाऊ शकत नाही. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा उतरल्यावर काय वाचलं, काय गेलं ते कळतं. लहानपणापासून पाण्यात वाढलेली मालवणातली पोरं हे काम उत्तम करू शकतात. समुद्र त्यांच्या अंगवळणी आहे, श्वास रोखून धरता येतो, आणि कुठल्या कपारीत काय आहे हे त्यांना पाठ असतं. पर्यटकाला पाण्यात उतरवून मिळणाऱ्या पैशाइतकेच पैसे या कामाचे मिळायला हवेत. फुकटच्या सेवेवर हे काम टिकणार नाही.

इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटाजवळ याच कल्पनेचं मोठं रूप बघायला मिळतं. तिथे स्फोटकं टाकून मासेमारी करण्याची पद्धत होती. सुरुंगाने मासे तर मरत, पण खालचे प्रवाळही खडी होऊन पडत. ती खडी दर लाटेबरोबर हलते, त्यामुळे प्रवाळाचं नवं पिल्लू तिच्यावर रुजूच शकत नाही. तीस-चाळीस वर्षं ती जागा ओसाड राहिली. मग लोखंडी सळयांच्या, वाळूचा लेप दिलेल्या षटकोनी चौकटी गावातल्या लोकांनीच बनवल्या, एकेका चौकटीला प्रवाळाचे पंधरा तुकडे बांधले आणि शेजारी शेजारी ठेवून एकमेकींना अडकवल्या. खडी हलायची थांबली. चार वर्षांत तिथल्या प्रवाळांची चुना साठवण्याची गती शेजारच्या धडधाकट प्रवाळक्षेत्राएवढी झाली, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. ना मोठं यंत्र, ना बोट भरून सिमेंट. पण या यशामागची गोष्ट विसरू नका: तिथला सुरुंग आधी थांबला होता. आणि त्याच अभ्यासात एक सावधगिरीही होती. लावलेले प्रवाळ मुख्यतः फांद्यांच्या जातींचे होते, आणि याच जाती तापलेल्या पाण्यात सगळ्यात आधी मरतात.

गुजरातेत मिठापूरच्या समुद्रात भारतीय प्राणी सर्वेक्षणाने २०२० मध्ये वेगळा प्रयोग सुरू केला. लोखंडी जाळीतून अगदी कमी दाबाचा वीजप्रवाह सोडायचा. वीज वर तरंगणाऱ्या सौरपट्ट्यांची. प्रवाहामुळे पाण्यात विरघळलेला चुना आणि मॅग्नेशियम जाळीवर साचून त्यावर दगडासारखा थर चढतो आणि प्रवाळाला बसायला त्याच्याच सवयीची जागा मिळते. बालीच्या पेमुतेरन गावात गेली वीसेक वर्षं हे तंत्र वापरात आहे. ते गाव त्यावर जगतं असं म्हटलं तरी चालेल, कारण पर्यटक तिथे मुद्दाम हे बघायला जातात. मला स्वतःला ही युक्ती मालवणसाठी पहिल्या पसंतीची वाटत नाही. आपल्या पावसाळ्यात वर तरंगणारी सौरपट्टी आणि तारा सांभाळणं हेच मोठं काम होऊन बसेल. साधी चौकट आणि ब्रश आपल्याला जास्त मानवेल.

आता जे ऐकायला आवडणार नाही तेही सांगतो, कारण आशा विकणाऱ्यांची कमी नाही. २०२३ च्या जुलैमध्ये फ्लोरिडाचा समुद्र इतका तापला की वर्षानुवर्षं जपून लावलेले प्रवाळ काही दिवसांत मेले. सोम्ब्रेरो नावाच्या प्रवाळक्षेत्रात तर लावलेल्यांपैकी एकही वाचला नाही. २०२३ पासून जगभर पसरलेल्या या उष्णतेच्या लाटेचा फटका जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला बसला आहे. आपलं लक्षद्वीपही त्यातून सुटलं नाही. समुद्र कोळसा आणि तेलाच्या धुरामुळे तापतो आहे. ब्रशने तो निवत नाही. मग लावायचं कशाला? कारण उष्णतेची लाट ओसरल्यावर जिथे तगडे, न मोडलेले, गाळ आणि सांडपाण्याने आधीच अर्धमेले न झालेले प्रवाळ असतात, तिथेच ते सावरतात. स्थानिक मोडतोड थांबवणं हे आपल्या हातात आहे. तापमान कमी करणं एकट्या मालवणच्या हातात नाही, पण म्हणून जे हातात आहे तेही सोडून द्यायचं, असं होत नाही.

दुसरी गोष्ट त्याच फ्लोरिडाची. १९७० च्या दशकात तिथे काही भल्या माणसांनी समुद्रात सुमारे वीस लाख जुने टायर टाकले. माशांना घर होईल, टायरचा कचराही मिटेल, असा दुहेरी हिशोब. नौदलाची जहाजंही मदतीला आली. टायर बांधणाऱ्या पट्ट्या काही वर्षांत गंजल्या, तुटल्या, आणि सुटे टायर वादळात गडगडत जाऊन शेजारच्या जिवंत प्रवाळांवर आदळू लागले. टायरवर प्रवाळ काही वाढला नाही. ते टायर बाहेर काढण्याचं काम २००७ नंतर सैन्याच्या पाणबुड्यांना हाती घ्यावं लागलं. म्हणून कोणी तुमच्या गावात जुन्या गाड्या, पाइप, टायर किंवा मूर्ती समुद्रात सोडून 'कृत्रिम प्रवाळ' करूया म्हणून आलं, तर पहिलं उत्तर नाही असावं. सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ 'आयएनएस गुलदार' ही नौदलाची निवृत्त युद्धनौका बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि माशांसाठी आसरा करण्याची योजना आहे. अशी जहाजं तेल, रंग, तारा सगळं काढून, साफ करून बुडवतात, त्यामुळे टायरची आणि तिची तुलना करणं बरोबर नाही. मासे तिथे येतील, पाणबुडेही येतील. पण त्याने जिवंत प्रवाळाची भरपाई होईल असं कोणी म्हणत असेल तर मान डोलवू नका. पर्यटकांची गर्दी तिकडे वळली आणि किल्ल्याजवळच्या प्रवाळांना उसंत मिळाली, तर मात्र तो खरा फायदा.

'प्रवाळ दत्तक घ्या', 'तुमच्या नावाने प्रवाळ लावा' अशी आमंत्रणं येऊ लागली आहेत, आणखी येतील. पैसे देण्याआधी विचारा: तुकडा कुठून आणणार? धडधाकट प्रवाळ तोडून आणणार असाल तर नको. पुढची दोन वर्षं कोण उतरणार, कोण साफ करणार? मागच्या वेळी लावले होते त्यातले आज किती जिवंत आहेत, आणि त्याची छायाचित्रं आहेत का? लावणीच्या दिवसाचे फोटो सगळ्यांकडे असतात, दोन वर्षांनंतरचे क्वचित कोणाकडे. आणि वन विभागाची परवानगी आहे का, हेही विचारा. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खडक बांधणारे सगळे प्रवाळ वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणून हौसेने स्वतः लावणी करायलाही जाऊ नका. चांगल्या हेतूने हलवलेला प्रवाळही मरतो.

याच कायद्यामुळे एक घरगुती गोष्ट बोलायला हवी. दारावर, देव्हाऱ्याजवळ, दुकानाच्या गल्ल्यावर काचेच्या चौकटीत जाळीसारखी काळी फांदी लावलेली तुम्ही पाहिली असेल. इंद्रजाल म्हणून ती विकली जाते. नजर लागत नाही, बाधा होत नाही, असं सांगतात आणि हजारो रुपये घेतात. वनस्पती म्हणून विकली जाणारी ही फांदी मुळात समुद्राच्या तळावरचा काळा प्रवाळ किंवा समुद्रपंखा आहे, आणि ती विकणं, विकत घेणं, बाळगणं हा गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. ज्यांच्या घरी श्रद्धेने लावलेली आहे त्यांच्या श्रद्धेला मला धक्का लावायचा नाही. पण ती फांदी तोडण्यासाठी तळावरून जाळं ओढलं गेलं, आणि त्या जाळ्याने बाकी काय काय उखडलं असेल याचा विचार करा. नवी घेऊ नका, आणि कोणी विकताना दिसला तर वन विभागाला कळवा. वाळूत सापडलेला प्रवाळाचा पांढरा तुकडाही खिशात घालू नका, तोही कायद्याच्या कचाट्यात येतो.

प्रवाळांमुळे किनारा कसा वाचतो हे बघायचं तर तमिळनाडूत जायला हवं. मन्नारच्या आखातात एकवीस बेटं होती. भोवतीचे प्रवाळ चुन्यासाठी वर्षानुवर्षं खणून नेले. प्रवाळ होते तोवर लाटा त्यांच्यावर फुटत. जगभरच्या मोजणीतून असं दिसलं आहे की धडधाकट प्रवाळभिंत लाटेची सरासरी ९७ टक्के ताकद किनाऱ्याला पोहोचण्याआधीच शोषून घेते. इथले प्रवाळ गेले आणि लाटा थेट बेटांवर आल्या. पूवरसनपट्टी आणि विलंगुचल्ली ही दोन बेटं पाण्याखाली गेली. वान नावाचं तिसरं बेटही झिजत झिजत त्याच वाटेला लागलं होतं. तिथे तुतिकोरिनच्या सुगंती देवदासन सागरी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने समुद्राच्या बाजूला छिद्रं असलेले काँक्रीटचे हजारो ठोकळे टप्प्याटप्प्याने ठेवले गेले. भिंत बांधली नाही. लाटेला पूर्ण अडवायचं नाही, तिचा जोर मोडायचा, आणि पाणी, वाळू, मासे यांना छिद्रांतून वाट ठेवायची. वाळू साचू लागली, ठोकळ्यांवर प्रवाळ रुजले, मासे आले. पण तिथेही आधी प्रवाळ खणणं बंद झालं होतं, हे पुन्हा सांगतो.

कोकणाबद्दल मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं की मालवणचे प्रवाळ तुटक तुटक आहेत. लक्षद्वीपच्या बेटांना सभोवती प्रवाळांचा कोट आहे, तसा आपल्या किनाऱ्याला नाही. आपला किनारा राखतात ते खडक, वाळूच्या टेकड्या आणि कांदळवन. म्हणून किनारा वाचवायला प्रवाळ लावा असं मी कोकणातल्या ग्रामपंचायतीला सांगणार नाही. सांगेन ते हे की वानच्या ठोकळ्यांमागचा विचार आपल्याकडेही आणा. गावात समुद्र आत येऊ लागला की पहिली मागणी असते ती धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची. मागणी करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. ज्याचं माडाचं बन उधाणात गेलं त्याला काय सहन करावं लागतं हे त्यालाच ठाऊक. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागमध्ये तर प्रश्न घराचा आहे, तिथे दगड टाकावेच लागतात. पण जिथे अजून वेळ आहे तिथे एवढं लक्षात घ्या: उभ्या भिंतीवर आपटलेली लाट परत जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. पुळण खाली जाते आणि धूप बंधाऱ्याच्या टोकाला, म्हणजे शेजारच्या वाडीला, सरकते. मग तीही बंधारा मागते.

त्याआधी करता येण्यासारखं बरंच आहे, आणि त्याला निविदा लागत नाही. वाळूवर पसरणारी जांभळ्या फुलांची मर्यादवेल उपटू नका. तिची मुळं वाळू धरून ठेवतात आणि वाऱ्याने आलेली वाळू तिच्या पानांत अडकून टेकडी उंच होते. केवड्याची बनं राखा. किनारा स्वच्छ करायचा तर हाताने प्लास्टिक वेचा, जेसीबीने वाळू खरवडून सपाट करू नका. त्यात मर्यादवेलही जाते आणि कासवांची अंडीही. गाड्या टेकडीवर चढवून समुद्राजवळ लावायच्या आणि तिथेच चहा प्यायचा, ही पर्यटकांची हौस गावाने ठाम राहून बंद करावी. चार माणसं नाराज होतील, होऊ देत. सुरूची ओळ लावणं हाही सरसकट उपाय नव्हे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुरू कसे आडवे झाले ते तिथल्या लोकांनी पाहिलं आहे, आणि सुरूच्या दाट सावलीत, त्याच्या पडलेल्या पानांखाली दुसरं काही फारसं उगवतही नाही.

खाडीकाठच्या गावांना कांदळवनाबद्दल. रोपं लावण्याचे कार्यक्रम उदंड होतात. चिखलात उतरून शाळेतली मुलं रांगेने शेंगा रोवतात आणि पुढच्या पावसात त्यातलं बरंच वाहून जातं. बहुतेक वेळा तिवर, चिपी, कांदळ यांना लावणाऱ्याची गरज नसते. भरतीचं पाणी आत येऊन सुकतीला बाहेर जायला मोकळी वाट असली की बी आपोआप येतं आणि रुजतं. वाट कुठे अडली आहे ते शोधा. कुठे रस्त्याखालचा पाइप बुजलेला असतो, कुठे भराव टाकलेला असतो, कुठे कोळंबीच्या तलावाचा बांध आडवा आलेला असतो. तो पाइप मोकळा करणं, दोन-तीन चर खणणं, एवढ्यानेही मोठी मजल मारता येते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात आणि त्यावर चार पैसे मिळवतात. ज्या झाडावर आपली मिळकत आहे त्यावर कोयता चालवताना माणूस दहा वेळा विचार करतो, हे त्यांनी दाखवून दिलं आहे. तिकडे गेलात तर त्यांच्या होडीत नक्की बसा.

मच्छीमार बांधवांशी बोलायचं राहिलं. अभयारण्य म्हटलं की पोटावर पाय येणार, ही किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या मालवणच्या रापणकरांची भीती जुनी आहे आणि ती खोटी नाही. पारंपरिक मच्छीमाराने प्रवाळांचं जे नुकसान केलं असेल त्याच्या कितीतरी पट तळ खरवडणाऱ्या ट्रॉलने केलं आहे. प्रकाशझोतातल्या मासेमारीवर बंदी येऊनही रात्री समुद्रात दिवे दिसतात ही तुमची तक्रार रास्त आहे, आणि किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या वाचकांनी त्या तक्रारीमागे उभं राहायला हवं. प्रवाळ वाचवण्याच्या कामात तुम्ही नसाल तर ते काम होणारच नाही. पण एक गोष्ट तुमच्याच हातात आहे. जाळं प्रवाळावर अडकलं की ओढताना प्रवाळ तुटतो, आणि कापून सोडलं तर ते जाळं वर्षानुवर्षं तिथे मासे मारत राहतं आणि लाटेबरोबर घासून प्रवाळ खरवडत राहतं. जाळं अडकल्याची जागा लगेच जवळच्या डायव्हिंगवाल्याला सांगितली तर तो खाली जाऊन हळूच सोडवू शकतो. कासव, डॉल्फिन, देवमासा यांच्यासारखा संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि त्याला सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर महाराष्ट्र सरकार मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना २०१८ पासून चालू आहे आणि तिच्यामुळे बरेच जीव सुटले आहेत. हीच भरपाई प्रवाळात अडकलेलं जाळं न ओढता कळवणाऱ्याला आणि ते वर काढून देणाऱ्या पाणबुड्याला मिळावी, असा ठराव मच्छीमार सोसायट्यांनी आपल्या सर्वसाधारण सभेत करावा आणि तो मत्स्यव्यवसाय विभाग व वन विभागाचा कांदळवन कक्ष या दोघांकडे पाठवावा. ऑगस्टमध्ये मासेमारी पुन्हा सुरू होते. त्याआधीच्या बंदीच्या दोन महिन्यांत, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, हे काम करता येईल.